कृष्णा राजाराम म्हणजेच वसुंधरा मोहन

बाई, तुमचं खरं नाव काय, असं कृष्णाला आयुष्यात पहिल्यांदा विचारलं ते ऑकलंडच्या इमिग्रेशन ऑफिसातल्या एका साहेबानं. वय अडतीस, पदरात नऊ वर्षांची मुलगी, सोळा वर्षं वॉर्डात उभं राहून पायांच्या शिरा फुगलेल्या, आणि अशा बाईला हा प्रश्न! तोही एकोणीसशे शहाण्णवच्या जूनमध्ये, व्हिजिटर परमिट संपायला अठरा दिवस उरलेले असताना.

पण ती त्या काउंटरपर्यंत पोचली कशी, ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, नाव विचारलं तर एवढं काय बिघडलं.

कृष्णा सांगलीची. वडील राजाराम शिराळकर शाळामास्तर. घाटापासून हाकेच्या अंतरावर घर, त्यामुळे थोरल्या मुलीचं नाव काय ठेवायचं यावर फार डोकं चालवावं लागलं नाही. धाकटी विनया. कृष्णा नर्सिंगला गेली, गावातल्याच एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात लागली. मग लग्न झालं, मुलगी झाली, आणि चार वर्षांपूर्वी नवरा, मोहन गद्रे, ऑफिसातून येऊन 'जरा पडतो' म्हणाला तो उठलाच नाही. बायको नर्स असून उपयोग झाला नाही, हे लोकांनी तिच्या तोंडावर बोलून दाखवलं. लोकांचं काय जातंय बोलायला. घरात उरल्या तिघी: कृष्णा, मुलगी अनुया आणि सासूबाई, म्हणजे माई. माईंना मोहन एकुलता एक. मोहन गेल्यावर त्या कधी मोठ्यानं रडल्या नाहीत, फक्त अनुयाला शाळेत सोडायला आणि आणायला स्वतः जायला लागल्या.

विनयाचा नवरा नितीश फार्मासिस्ट. दोन वर्षांपूर्वी दोघं न्यूझीलंडला आले, त्यानं इथल्या परीक्षा दिल्या, एका फार्मसीत कामाला लागला आणि माउंट रॉस्किलमध्ये भाड्याचं लाकडी घर घेतलं. विनयाला दिवस राहिले तसा तिनं फोनवर घोशा लावला: ताई, तू ये. बरोबरच होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, आई-वडील दोघंही गेलेले, तेव्हा माहेर म्हणजे ताईच. कृष्णानं बिनपगारी रजा काढली, अनुयाला माईंजवळ ठेवलं, 'तीन महिन्यांत आले' म्हणून सांगितलं आणि जानेवारीत डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, ओवा असं सगळं घेऊन आली. एअरपोर्टवर लाडू जप्त होता होता वाचले.

फेब्रुवारीत इंद्रनील जन्मला. आणि खरी गोष्ट सुरू झाली ती या बाळामुळेच.

न्यूझीलंडमध्ये बाळ घरी आलं की प्लंकेट नावाच्या बालसंगोपन संस्थेची नर्स घरी येऊन बघून जाते. वजन करते, आईला काय हवं नको विचारते. विनयाकडे आली ती नायरी नावाची, पन्नाशीची, दणकट, दारातूनच 'किया ओरा' असा माओरी नमस्कार करून मोठ्यानं हसणारी. तिनं बाळाचं वजन केलं, आणि मग तिची नजर फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर गेली. कृष्णानं रेघा मारून तक्ता केला होता: दूध किती वाजता, किती वेळ, लघवी किती वेळा, शी कशी, डोळ्यांत पिवळेपणा किती. बारा दिवसांचा, एकही रकाना रिकामा नाही. हे कुणी केलं, नायरीनं विचारलं. विनया म्हणाली, माझ्या बहिणीनं, ती अशीच आहे, तिला सांगून उपयोग नाही. कृष्णा ओशाळून स्वयंपाकघरात गेली, तशी नायरी तिच्या मागे. चहा झाला, गप्पा झाल्या आणि जाताना तिनं एका पॉलिटेक्निकचा नंबर लिहून दिला. परदेशातून आलेल्या नर्सेससाठी तिथं सहा महिन्यांचा कोर्स होता. तो केला की इथं नर्स म्हणून नोंदणी करता येते. व्हिजिटर म्हणून तुला तो करता येणार नाही, नायरी म्हणाली, पण स्टुडंट परमिट मिळालं तर येईल. आणि आम्हाला नर्सेस हव्यातच.

तो कागद कृष्णानं चार दिवस ब्लाऊजमध्ये ठेवला. पाचव्या दिवशी विनयाला दाखवला. खरं सांगायचं तर तिला हे हवं होतं, मनापासून हवं होतं. सांगलीत ती 'बिचारी गद्र्यांची सून' होती. वॉर्डात शिरली की सिस्टर आणि बाहेर पडली की बिचारी. इथं बसच्या ड्रायव्हरला, डेअरीवाल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानवाल्या, पटेलकाकांना ती कोण, तिचा नवरा कधी गेला, याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. आपलं आपण कमवावं, अनुयाला इथं आणावं, तिनं मोकळेपणानं वाढावं, एवढीच तिची इच्छा होती.

नितीशनं मनावर घेतलं. परमिट जूनअखेरपर्यंत वाढवून घेतलं, फीची सोय केली, छातीचा एक्स-रे काढवला. कृष्णानं पॉलिटेक्निकचा फॉर्म भरला, सांगलीहून मेट्रनकडून दाखला मागवला, मुंबईच्या नोंदणीची प्रत लावली. मे महिन्यात पत्र आलं: जुलैच्या तुकडीत तुम्हाला जागा आहे, परमिट आणा. विनयानं शिरा केला. जूनच्या दहा तारखेला नितीश रजा घेऊन ताईंना इमिग्रेशनच्या ऑफिसात घेऊन गेला आणि काउंटरवर निळी फाइल ठेवली.

साहेब साठीकडे झुकलेला, अंगात हातानं विणलेला स्वेटर, बोलणं सावकाश. त्यानं पासपोर्ट उघडला, पत्र उघडलं, पुन्हा पासपोर्ट पाहिला. पासपोर्टात वसुंधरा मोहन गद्रे. पॉलिटेक्निकच्या पत्रात, डिप्लोम्यात, नोंदणीत, मेट्रनच्या दाखल्यात, सगळीकडे कृष्णा राजाराम शिराळकर.

म्हणून त्यानं तो प्रश्न विचारला.

आता तुम्हाआम्हाला यात काही कोडं नाही. लग्नात मुलीचं नाव बदललं, सासरी ती वसुंधरा झाली. हॉस्पिटलात आधीपासून कृष्णा शिराळकर म्हणून होती ती तशीच राहिली. नोंदणीतलं नाव बदलायचं तर मुंबईला खेटे घाला, प्रतिज्ञापत्र करा. मेट्रन म्हणाल्या, काही अडलंय का? काही अडलं नव्हतं. आपल्याकडं अडल्याशिवाय कागदाला हात लावायची पद्धत नाही. लग्न रजिस्टर केलेलं नव्हतं, तेही काही अडलं नव्हतं म्हणूनच. पासपोर्ट काढायची वेळ आली तेव्हा एजंटनं रेशनकार्ड बघितलं, त्यात वसुंधरा होती, तीच पासपोर्टात उतरली. आणि पॉलिटेक्निकचा फॉर्म भरताना कृष्णाच्या हातानं आपोआप शिराळकर लिहिलं, कारण नर्सिंगचं काम म्हणजे कृष्णा आणि घरचं काम म्हणजे वसुंधरा, हे बारा वर्षं तिच्या हाताच्या वळणी पडलेलं. त्यात काही चुकतंय असं तिला वाटलंच नाही. नितीशलाही नाही. दोघंही मराठी, दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

आडनाव बदलतं हे साहेबाला ठाऊक होतं, त्यांच्याकडंही बदलतं. पण पहिलं नाव? नितीश समजावायला लागला. लग्न लागल्यावर ताटात तांदूळ पसरतात, नवरा मुलगा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो, पेढे वाटतात. साहेबानं पेन खाली ठेवलं आणि ऐकत राहिला. मग त्यानं कृष्णाकडे वळून विचारलं की, हे नाव तुम्ही निवडलंत का.

"नाही," कृष्णा म्हणाली. "सासूबाईंनी. ताटात लिहिलं तेव्हाच मलाही कळलं."

यामागचं कारण तिनं साहेबाला सांगितलं नाही, सांगून कळलं नसतं. माईंच्या स्वतःच्या सासूचं नाव होतं कृष्णाबाई. आता सासूचं नाव घेऊन सुनेला 'अगं कृष्णे, दूध उतू गेलं' अशी हाक कशी मारणार? जीभ रेटली पाहिजे ना. माईंनी बिचारीनं सोयीचा मार्ग काढला होता, त्यात दुष्टावा काही नव्हता.

साहेब वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, मला तुमचं खरं वाटतंय, पण माझ्या वाटण्यावर शिक्का मारता येत नाही. एका बाईच्या पासपोर्टावर दुसऱ्या बाईच्या शिक्षणाचं परमिट देता येत नाही. लग्नाचा दाखला असेल तर आणा. नसेल तर तुम्हाला दोन्ही नावांनी ओळखणाऱ्या, नवऱ्याच्या घरच्या माणसाचं प्रतिज्ञापत्र आणा, नोटरीपुढे सही केलेलं. तुमची बहीण आणि मेहुणा चालणार नाहीत, ते तुमचे स्पॉन्सर आहेत. आणि अठ्ठावीस तारखेच्या आत आणा. त्या दिवशी परमिट संपतं, त्यानंतर मला काही करता येणार नाही.

लग्नपत्रिका विनयाच्या ट्रंकेत निघाली, पण तिचा उपयोग काय? पत्रिकेत चि. सौ. कां. कृष्णाच होती. मोहनचं लग्न कृष्णाशी झालं एवढंच त्यातून कळत होतं, ती कृष्णा पुढं वसुंधरा झाली हे कुठंच नव्हतं. लग्न लावणारे गुरुजी वारले होते. मेट्रनना वसुंधरा ठाऊक नव्हती. फिरून फिरून एकच माणूस उरलं. नाव ज्यांनी ठेवलं त्या माई.

सांगलीच्या घरी फोन नव्हता. शेजारी देवयानीवहिनींकडे फोन लावायचा, त्या माईंना बोलावणार, पाच मिनिटांनी पुन्हा लावायचा. माई धापा टाकत आल्या. कृष्णानं सगळं सांगितलं, कागद कसला, कुणापुढं सही करायची, नितीशच्या फार्मसीचा फॅक्स नंबर काय. माईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, कोर्स किती महिन्यांचा. सहा, कृष्णा म्हणाली.

"आणि मग?"

समोरून विनया जोरजोरात मान हलवत होती, नाही नाही म्हणून. कृष्णा म्हणाली, मग बघू. माईही 'बघू' म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

त्यानंतर माई फोनवर येईनात. एकदा त्या देवळात गेलेल्या, एकदा डोळा लागलेला, एकदा गुडघा दुखतोय. देवयानीवहिनींचा आवाजही अवघडलेला. चौथ्या वेळी अनुया आली. आधी शाळेतलं सांगितलं, मग दात पडल्याचं, आणि मग सहज म्हणाली, "आई, आजी म्हणते तू आता येणार नाहीस. खरं का गं?" कृष्णानं काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते तिला नंतर आठवेना.

त्या शनिवारी घरात वादावादी झाली. विनयाचं म्हणणं, त्यात एवढं काय आहे, माईंना सांग की कोर्स करून परत येते, परदेशात शिकून आलेली म्हणून सांगलीत मान मिळेल. खोटं कुठं बोलायचंय, फक्त सगळं बोलायचं नाही. एकदा कागद हातात आला की मग पुढचं पुढं. नितीशचा मार्ग आणखी सोपा. सांगलीत त्याचा एक चुलतभाऊ होता, तो गद्र्यांचा नातेवाईक म्हणून सही ठोकून देईल, नोटरीही ओळखीचा. सही करणारे हीप्स, ढिगानं मिळतात, ताई, तो म्हणाला, तुम्ही कशाला एवढं मनाला लावून घेता.

वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. दोघंही तिच्या भल्यासाठीच बोलत होते आणि दोघांचाही जीव टांगणीला लागला होता. पण कृष्णानं सोळा वर्षांत न घेतलेलं टेंपरेचर कधी चार्टवर लिहिलं नव्हतं. रात्रपाळीला बाकीच्या सिस्टर पहाटे उठून अठ्ठ्याण्णव पॉइंट चार अशी ओळच्या ओळ भरून मोकळ्या व्हायच्या आणि हिला 'हरिश्चंद्राची बहीण' म्हणायच्या. आता त्याच नोंदणीसाठी बनावट सही वापरायची, हे तिला जमणार नव्हतं. आणि माईंना फसवायचं, हे तर त्याहून नाही. मोहन गेल्यावर माईंनी तिला कधी पांढऱ्या पायाची म्हटलं नव्हतं. सगळं गाव म्हणत होतं तेव्हाही नाही.

तिनं पुन्हा फोन लावला आणि देवयानीवहिनींना सांगितलं, माईंना म्हणावं, आज आला नाहीत तर पुन्हा फोन करणार नाही. माई आल्या.

"माई, मी तेव्हा 'बघू' म्हणाले ते खरं नव्हतं," कृष्णा म्हणाली. "कोर्स झाला की मी इथंच नोकरी करणार. आणि जमलं की अनुयाला घेऊन येणार. तुम्हाला फसवून मला सही नको. हे ऐकून द्यावीशी वाटली तर द्या."

लाइन खरखरायला लागली.

"आणि मी?" माईंनी विचारलं.

तुम्हालाही आणीन, असं म्हणणं सोपं होतं. पण ते जमेल की नाही तिला ठाऊक नव्हतं, आणि माईही सांगली सोडून येणाऱ्यातल्या नव्हेत. ती म्हणाली, "मला माहीत नाही, माई. खरंच माहीत नाही."

"बरं," माई म्हणाल्या. "ठेव आता, बिल वाढतंय तुझं."

संपलं, असंच कृष्णाला वाटलं. मागच्या पायऱ्यांवर जाऊन ती ढसाढसा रडली. अनुयासाठी रडली, स्वतःसाठी रडली, आणि त्या 'आणि मी'साठी सगळ्यात जास्त. विनया रागानं आधी आतच राहिली, मग येऊन शेजारी बसली आणि तीही रडली. आत इंद्रनील रडायला लागला तेव्हा दोघी उठल्या.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. सोमवार गेला, मंगळवार गेला. कृष्णानं परतीच्या तिकिटाची तारीख पक्की केली, अठ्ठावीसची रात्र. बॅग भरली. अनुयासाठी दोन स्वेटर घेतले, माईंसाठी गरम पाण्याची रबरी पिशवी, गुडघ्याला शेकायला. बुधवारी नायरी इंद्रनीलच्या वजनाला आली तर तिलाही सांगून टाकलं की मी जातेय. नायरीनं तिला मिठी मारली आणि म्हणाली, जाईपर्यंत गेलेली नाहीस. कृष्णाला वाटलं, ही आपली समजूत घालतेय.

गुरुवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास नितीशचा फार्मसीतून फोन आला. तिथल्या फॅक्सवर सांगलीहून दोन पानं आलीयेत, ताई, तुम्ही लगेच या. कृष्णा होती तशी निघाली. विनयाचा कोट अंगावर, पायांत घरातल्या जँडल्स, म्हणजे रबरी सपाता, बाहेर जूनची बोचरी थंडी आणि पावसाची भुरभुर. पंधरा मिनिटांचा रस्ता. फार्मसीत पोचली तेव्हा तिचे पाय निळे पडले होते आणि तिला पत्ता नव्हता. सर्दीच्या औषधाला आलेल्या एका म्हातारीनं तिला स्वतःची खुर्ची दिली.

फॅक्सचा कागद गुळगुळीत आणि अजून गरम. नोटरीचा शिक्का म्हणजे काळा डाग. इंग्रजी वकिली, वाक्य सुरू झालं की संपता संपेना. पण होतं सगळं. मी, श्रीमती सुनीती विष्णू गद्रे, पूर्वाश्रमीची कुमारी द्वारका, वय सत्तर, धंदा घरकाम, प्रतिज्ञेवर लिहून देते की, माझी सून वसुंधरा मोहन गद्रे हीच लग्नाआधीची कृष्णा राजाराम शिराळकर होय. तिचं नाव लग्नात मी बदललं, त्याला तिची संमती घेतली नव्हती, आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत.

द्वारका. बारा वर्षं एका घरात काढली, त्यांचे पाय चेपले, त्यांच्या हातचं खाल्लं, आणि माई लग्नाआधी द्वारका होत्या हे कृष्णाला ठाऊक नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

मग तिनं दुसरं पान घेतलं. त्यावर एकच परिच्छेद होता आणि खाली माईंची मराठीतली सही, प्रत्येक अक्षर वेगळं. माझी नात कु. अनुया मोहन गद्रे हिला तिची आई न्यूझीलंड येथे कायमची घेऊन गेल्यास, आजी या नात्यानं माझी काही हरकत नाही आणि पुढंही राहणार नाही.

हे साहेबानं मागितलं नव्हतं. कृष्णानं मागितलं नव्हतं. कुणीच मागितलं नव्हतं. कृष्णा ते पान हातात धरून बसून राहिली. नितीश काउंटरमागून आला, त्यानं वाचलं आणि चष्मा पुसायला लागला. गिऱ्हाईक उभं होतं तरी बराच वेळ पुसत राहिला.

शुक्रवारी सकाळी ऑफिस उघडताना दोघं दारात हजर. साहेब तोच. पहिलं पान त्यानं दोनदा वाचलं, आणि 'संमती घेतली नव्हती' या ओळीशी थोडा थांबला. फॅक्स चालेल, अस्सल कागद महिन्याच्या आत पोस्टानं आणून द्या, असं म्हणाला. मग दुसरं पान बघून म्हणाला, हे या अर्जाला लागत नाही, मुलीचा अर्ज तुम्ही केलेलाच नाही, परत देऊ का. कृष्णानं ते पान परत घेतलं आणि घडी न घालता फाइलमध्ये ठेवलं. दुपारी पासपोर्ट हातात आला. स्टुडंट परमिट, वसुंधरा मोहन गद्रे, डिसेंबरअखेरपर्यंत. पॉलिटेक्निकला पत्रातलं नाव दुरुस्त करायला सांगा, एवढंच साहेब म्हणाला, आणि हात पुढे करून शुभेच्छा दिल्या. बाहेर आल्यावर नितीश 'स्वीट ॲज', म्हणजे एकदम झकास, म्हणाला आणि फुटपाथवरच त्यानं ताईंना वाकून नमस्कार केला. येणारेजाणारे बघत होते.

विमानाचं तिकीट रद्द केलं. संध्याकाळी सहाला, म्हणजे सांगलीत सकाळी साडेअकराला, कृष्णानं फोन लावला. पाच मिनिटांनी पुन्हा लावला तेव्हा माई आलेल्या होत्या. कृष्णानं सांगितलं, झालं काम. माई म्हणाल्या, देवाची कृपा. मग म्हणाल्या, तिकडं थंडी असेल, पायमोजे घालत जा, तुला सवय नाही. अनुया शाळेत आहे, सोमवारी तिचा गणिताचा पेपर आहे. दोघी इकडचं तिकडचं बोलत राहिल्या, आणि जे बोलायचं ते कुणीच काढेना. शेवटी कृष्णानंच धीर केला.

"माई, दुसऱ्या पानाचं कुणी मागितलं नव्हतं."

"माहितीये मला," माई म्हणाल्या. "वकीलही तेच म्हणत होता, आजी, हे नंतर करता येईल. त्याला काय जातंय म्हणायला. दुसऱ्या मजल्यावर ऑफिस आहे त्याचं, कठडा नाही, काही नाही. अनुयानं हात धरला म्हणून चढले मी. ती तिकडं आल्यावर माझा हात कोण धरणार? म्हटलं, ती आहे तोवर दोन्ही कागद करून टाकू."